सोड्यांवरचा हिरवा ठिपका

"भावजी, सोड्यार हिरवो ठिपको कसो इलो?"

मे महिन्यातली सकाळ, आठ-सव्वाआठची वेळ. फोन मालवणहून. तिथल्या एका कोकणी मालाच्या दुकानाचं ऑनलाइन काम मी पुण्यात बसून बघतो. दुकान दादांचं, पण मालाच्या यादीची शीट, फोन, कुरिअर आणि गिऱ्हाइकांची बोलणी हे सगळं वहिनींकडे. प्रश्न ऐकून आधी मला कळेचना. मग मोबाइलवर त्यांचं पान उघडलं. सोड्यांचं पाकीट, खाली वजन, किंमत, आणि उजव्या कोपऱ्यात हिरव्या चौकोनात हिरवं गच्च वर्तुळ. शाकाहारी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी.

आगोटीचे दिवस होते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे कोकणातली घरं पावसाच्या आधी सुकट, बोंबील, सोडे भरून ठेवतात आणि मुंबई-पुण्यातली मंडळी मागवून घेतात. म्हणून आदल्या दिवशी वहिनींनी शीटमध्ये चौदा नव्या ओळी घातल्या होत्या. रात्री ठरलेल्या वेळी साच्याने, म्हणजे शीट वाचून प्रत्येक मालाचं चित्र बनवणाऱ्या माझ्या टेम्प्लेटने, त्या चौदाची चित्रं बनवली आणि ती आपोआप चढली. चौदांपैकी अकरा ओळी मासळीच्या होत्या. त्यातल्या नऊ चित्रांवर हिरवा ठिपका आणि फक्त दोनांवर बरोबर तपकिरी त्रिकोण. शिवाय भात धुवायच्या बांबूच्या रोवळीवरही हिरवा ठिपका होता. रोवळी शाकाहारी आहे हे तसं खरंच म्हणा.

तोवर एका कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ते चित्र फिरून आलं होतं, खाली ओळ: "आता सोडे श्रावणातही चालतील." वहिनींनी मला ते पाठवलं, हसण्याच्या चिन्हासकट. मीही हसलो. मग यादी खाली सरकवली आणि कोळंबीच्या लोणच्याशी थांबलो. सोडे, बोंबील, बांगडा हे फोटोतच ओळखू येतात, ठिपका हिरवा असो की निळा. लोणच्याच्या बरणीत मात्र लाल तेल आणि मसाला याशिवाय काही दिसत नाही. कैरीची बरणी शेजारी ठेवली तर मलाही सांगता येणार नाही कुठली कुठली. तिथे तो ठिपका हीच माहिती होती, आणि ती खोटी होती. रात्रीत त्या लोणच्याची एक ऑर्डरही आली होती. वहिनींनी त्या बाईंना स्वतः फोन केला. त्यांना कोळंबीचंच हवं होतं, नाव वाचून मागवलं होतं. सुटलो.

रात्रीचं काम आधी बंद केलं, दहाही चित्रं उतरवली, आणि मग शोधायला बसलो.

हे साच्याचं प्रकरण मुळात सुरू का केलं, ते थोडक्यात सांगतो. दुकानात सव्वाशेच्या आसपास वस्तू. काजूगराचा दर हंगामात चार वेळा बदलतो, आंबापोळी कधी असते कधी नसते, कोकम आगळाच्या बाटलीचं माप बदलतं. प्रत्येक वेळी चित्रावरची किंमत हाताने बदलायची म्हणजे दोन दिवस गेले. आधी मी हे फोटोशॉपच्या व्हेरिएबल्समधून करायचो. तिथे चित्रातल्या एखाद्या थराला (लेयरला) 'दिसणं' हा गुण जोडता येतो आणि सोबतच्या तक्त्यात त्या थरापुढे ट्रू किंवा फॉल्स लिहायचं असतं. काम कंटाळवाणं, पण माणसाने प्रत्येक ओळीपुढे काहीतरी ठरवून लिहिलेलं असायचं. नंतर एका ऑनलाइन साधनाकडे वळलो. तिथे थरावर अट लिहिता येते: अमुक रकान्यात अमुक असेल तर हा थर दाखव, नाहीतर लपव. ट्रू-फॉल्स कुणी लिहायचंच नाही, साच्याने शीट वाचून स्वतः ठरवायचं. चूक त्या साधनाची नव्हती, हे इथेच सांगून टाकतो. नियम मी लिहिले होते.

साच्यात अकरा थर होते. फोटो, नाव, वजन, किंमत हे कायमचे. सात थरांवर अटी होत्या: खोडलेली एमआरपी, किमतीतली सूट सांगणारा बिल्ला, 'नवीन' फीत, 'शेवटचे काही नग' ही पट्टी, जीआयची म्हणजे भौगोलिक मानांकनाची खूण, आणि शाकाहार-मांसाहाराच्या दोन खुणा. त्या दोन खुणांचे माझे नियम असे होते:

तपकिरी त्रिकोण: 'मांसाहारी' रकान्यात 'हो' असेल तर दाखवा.
हिरवा ठिपका: 'मांसाहारी' रकान्यात 'हो' नसेल तर दाखवा.

हे लिहिताना मला बरंच समाधान वाटलं होतं. एक तर हा, नाहीतर तो. दोन्ही एकदम दिसणार नाहीत, दोन्ही गायब होणार नाहीत, मधे कुठे फट नाही. तर्काच्या पुस्तकात याला पैकीच्या पैकी गुण मिळतील. कित्येक महिने ते बिनचूक चाललंही, कारण मासळीच्या जुन्या ओळी मी स्वतः भरल्या होत्या आणि तिथे नीट 'हो' होतं.

नव्या ओळींपैकी बहुतेक वहिनींच्या भाच्याने दुकानाच्या साठ्याच्या वहीवरून बनवलेल्या शीटमधून चिकटवल्या होत्या. त्या शीटमध्ये असा रकानाच नव्हता. माल विकणाऱ्या माणसाला बोंबील मांसाहारी आहे हे कशाला लिहून ठेवावं लागेल? म्हणजे आठ ओळींत रकाना रिकामा. दोन ओळी जुन्या मालाच्या नव्या मापाच्या होत्या, जुनी ओळ नकलून केलेल्या, त्यामुळे तिथे 'हो' आलं आणि त्रिकोण बरोबर लागला. उरली एक, कोळंबी लोणचं. तिथे डोळ्यांना 'हो' स्पष्ट दिसत होतं आणि तरी ठिपका हिरवा. यावर माझा अर्धा तास गेला. शेवटी त्या खान्यात जाऊन बाणाच्या कळीने एकेक अक्षर सरकलो, तर 'हो'च्या पुढे कर्सर आणखी एक पाऊल गेला. मागे एक मोकळी जागा होती. फोनच्या कीबोर्डने शब्द सुचवला, वहिनींनी तो निवडला, आणि कीबोर्डने शब्दामागे जागा टाकली. माणसाला ते 'हो', यंत्राला ते 'हो' नाही. आणि 'हो नाही' याचा अर्थ माझ्या नियमात एकच होता: शाकाहारी.

रोवळीचंही तेच. तिच्यापुढे 'हो' नव्हतं.

म्हणजे नियमात फट नव्हती हीच गडबड होती. 'मला माहीत नाही' असं म्हणायला मी साच्याला जागाच ठेवली नव्हती. रिकामा खाना म्हणजे 'नाही' असं मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात रिकामा खाना म्हणजे कुणी अजून सांगितलेलं नाही, एवढंच. सुटीच्या बिल्ल्याबाबत हा फरक किरकोळ आहे. खाण्याच्या खुणेबाबत नाही. ती खूण म्हणजे दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितलेली गोष्ट आहे, आणि माझा साचा कुणालाही न विचारता ती सांगत सुटला होता.

दुपारी भाच्याने फोनवर उपाय सुचवला. "काका, नावावरून ठरवू ना. नावात बोंबील, सुकट, कोळंबी, मच्छी आलं की त्रिकोण." पोरगा हुशार आहे, आणि असले नियम पुष्कळ लोक लिहितात. मी त्याला म्हटलं, तुमच्याच फळीवरचा मच्छी मसाला काढ आणि पाकीट बघ. धणे, मिरची, तिरफळ, हळद. पाकिटावर छापील हिरवा ठिपका, आणि बरोबर. मच्छी मसाल्यात मच्छी नसते, कोंबडी मसाल्यात कोंबडी नसते. उलट बाजूने, एखाद्या बिस्किटात अंडं असलं तर ते नावात येत नाही, आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांत अंडं मांसाहारातच मोडतं. नावावरून ठरवणं म्हणजे पुन्हा अंदाजच, फक्त जरा ऐटीत.

मग रकानाच बदलला. 'मांसाहारी: हो' जाऊन 'प्रकार' आला, आणि त्यात टंकायचं नाही, यादीतून निवडायचं: शाकाहारी, मांसाहारी, खाद्य नाही. हिरवा ठिपका 'प्रकार' बरोबर 'शाकाहारी' असेल तरच. त्रिकोण 'मांसाहारी' असेल तरच. 'खाद्य नाही' असेल तर दोन्ही नाहीत. रोवळी, सूप, केसांचं खोबरेल तिकडे गेलं. 'नसेल तर' हा शब्दप्रयोग खाण्याच्या खुणांच्या नियमांतून पूर्ण काढला. रकाना रिकामा असेल तर? दोन्ही खुणा लपवल्या की झालं, असं पहिल्यांदा वाटलं. पण खाद्यपदार्थावर खूण नसणं हीही चूकच, फक्त कमी दिसणारी. म्हणून रिकामी ओळ आली की चित्र बनतं, पण बाहेर जात नाही, 'थांबलेले' नावाच्या फोल्डरमध्ये पडतं आणि वहिनींना निरोप जातो. लपवणं आणि थांबवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साधनात मात्र दाखवा आणि लपवा एवढ्या दोनच कळा असतात, त्यामुळे थांबवायचं काम शीटमागच्या छोट्या स्क्रिप्टला दिलं.

जाता जाता एक. मांसाहाराची खूण पूर्वी तपकिरी वर्तुळ होती, २०२०च्या लेबलिंग नियमांनी तिचा त्रिकोण केला. व्हॉट्सअॅपवरच्या नखाएवढ्या चित्रात हिरवं आणि तपकिरी वर्तुळ सारखंच भासायचं, त्रिकोण मात्र आकारावरून कळतो. साच्यात जुनं वर्तुळ राहिलेले लोक मला अजूनही भेटतात.

एक जखम उघडली की डॉक्टर बाकीचं अंगही तपासतो. उरलेल्या अटी त्याच आठवड्यात काढून बसलो, आणि एकही धड निघाली नाही.

सुटीचा बिल्ला घ्या. नियम होता, एमआरपी विक्रीच्या किमतीपेक्षा जास्त असेल तर दाखवा. एक किलो काजूगराची एमआरपी १,२५० आणि किंमत ९५०, म्हणजे २४ टक्के सूट, दुकानातली सगळ्यात मोठी, आणि नेमका तिथेच बिल्ला नव्हता. कारण स्वल्पविरामामुळे तो आकडा न राहता मजकूर झाला होता. मजकुराची तुलना डावीकडून एकेक अक्षर बघून होते. १ हा ९च्या आधी, म्हणून १,२५० लहान, शब्दकोशात कमळ हळदीच्या आधी येतं तसं. हजारावरची एमआरपी आणि हजाराखालची किंमत अशा प्रत्येक मालाचं हेच झालं होतं. दुसऱ्या टोकाला ४५०चं कोकम ४४९ला, आणि चित्रावर झोकात लाल बिल्ला: ०% सूट. आता बिल्ला टक्केवारीवर चालतो, आधी स्वल्पविराम काढून, पूर्णांकात खाली उतरवून, आणि पाच टक्क्यांच्या वर असेल तरच. पाचच का? वहिनी म्हणाल्या, त्याच्या खाली गिऱ्हाईक हसतं. मला हे कारण पुरेसं वाटलं.

वहिनी फोनवरून भरतात तेव्हा कधीकधी किंमत मराठी आकड्यांत येते. वाचणाऱ्याला काही फरक नाही. स्क्रिप्ट जावास्क्रिप्टची, आणि तिला मराठी आकडे आकडे वाटत नाहीत, ती 'नॅन' म्हणते, म्हणजे 'हा आकडा नाही'. नॅनची गंमत अशी की तो कशाहून मोठा नाही, कशाहून लहान नाही, स्वतःच्या बरोबरही नाही. यातली कुठलीही तुलना खोटी. म्हणजे 'असेल तर दाखवा' हा नियम गप्प बसतो आणि 'नसेल तर दाखवा' हा नियम कुठल्याही किमतीवर पेटतो. वहिनींना इंग्रजी आकडे टाका म्हणून सांगण्यापेक्षा शीट वाचतानाच दहा चिन्हं बदलून घेणं सोपं होतं. दहा ओळींचं काम. मराठी दुकानात मराठी आकडे येणारच.

त्याच स्क्रिप्टला रिकामा खाना दिला तर मात्र नॅन येत नाही, शून्य येतं. हे त्याहून वाईट. 'साठा ५ पेक्षा कमी असेल तर शेवटचे काही नग' असा नियम होता. वडे पीठ ऑर्डर आल्यावर दळतात, त्याचा साठा कुणी लिहीत नाही. रिकामा म्हणजे शून्य, शून्य पाचाहून कमी, म्हणून वड्यांच्या पिठावर वर्षभर 'शेवटचे काही नग'. आणि जे खरंच संपलं होतं त्यावरही तीच पट्टी. ही अट दुरुस्त करता आली असती, पण ती पट्टीच काढायचा आग्रह मी धरला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ला फसव्या रचनांविषयी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात तेरा प्रकार सांगितले आहेत आणि खोटी घाई लावणं हा त्यातलाच एक. आमची घाई खोटी होती, मुद्दाम नसली तरी. आणि नियम बिनचूक असता तरी चित्र रात्री बनतं, साठा दिवसभर बदलतो. दादांना हे पटलं नाही, "सगळेच लावतत," असं त्यांचं म्हणणं. वहिनींनी माझी बाजू घेतली. पट्टी गेली. साठा आता पानावर मजकुरात दिसतो, तिथे तो क्षणात बदलतो.

जीआयच्या खुणेचा नियम नावात 'हापूस' असण्यावर होता. हापूसला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी, आणि खूण वापरायला नोंदणीकृत वापरकर्ता असावं लागतं. नुसत्या नावावर ती लावणं म्हणजे आडनावावरून जमिनीचा सातबारा देणं. आता नोंद क्रमांकाचा रकाना भरलेला असेल तरच. 'नवीन' फितीचं दुखणं तारखांचं, ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, त्यात शिरत नाही. तारखेचा खाना एकाच पद्धतीत बांधून टाकला.

लपवलेल्या गोष्टीची जागा उरते, यावर मात्र सांगण्यासारखं आहे. एमआरपी आणि विक्रीची किंमत सारखी असली की खोडलेली एमआरपी लपते. लपते म्हणजे तिचा थर बंद होतो, पण खालची किंमत वर सरकत नाही. नाव वर, मधे दोन बोटं रिकामं, मग किंमत. वेबपानं बनवणाऱ्यांना हे पाठ असतं: एका पद्धतीत वस्तू अदृश्य होते पण तिची खुर्ची राहते, दुसऱ्या पद्धतीत खुर्चीही उचलली जाते आणि बाकीचे सरकून बसतात. चित्रांच्या साच्यात बहुतेक वेळा पहिलीच पद्धत मिळते. मी काय केलं, तर खालून वर मांडणी केली. किंमत तळाला खिळवली, जी गोष्ट कधीही गायब होऊ शकते ती सगळ्यात वर किंवा कोपऱ्यात, जिथे ती गेल्यावर पोकळी दिसत नाही. सुटीचा बिल्ला आणि 'नवीन' फीत आधी एकाच कोपऱ्यात एकमेकांवर चढायचे. आता सूट असेल तर फीत नाही. नवीन माल सुटीत असेल तर लोकांना सूटच बघायची असते.

आणि हे सगळं फक्त आपल्या पानापुरतं. गुगलच्या खरेदी-यादीत मुख्य चित्रावर जाहिरातीचा मजकूर चालत नाही, अॅमेझॉनला मुख्य चित्राची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी लागते आणि वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापावा लागतो, वर अक्षर नको. त्यामुळे सगळ्या अटींच्या आधी एक अट आली: चित्र कुठे जाणार? बाहेरच्या बाजारात जाणार असेल तर फोटो सोडून सारे थर बंद. खाण्याची खूण मग दुसऱ्या चित्रात, पाकिटाच्या मागच्या लेबलच्या सरळ फोटोत. खरं सांगायचं तर तो फोटो आमच्या साच्यापेक्षा जास्त विश्वासाचा आहे.

त्या सकाळी दहा चित्रं बदलली, तरी दुपारपर्यंत काही फोनवर हिरवे सोडे दिसतच होते. नवं चित्र जुन्याच पत्त्यावर चढवलं होतं, आणि पत्ता तोच म्हटल्यावर मधली यंत्रणा साठवलेलं जुनं चित्रच दाखवत राहिली. आता फाइलच्या नावात त्या ओळीच्या मजकुरावरून काढलेली खूण असते, ओळ बदलली की पत्ता बदलतो. ग्रुपवर फिरलेल्या चित्राला मात्र काही इलाज नाही. ते अजून कुणाच्या तरी गॅलरीत असेल.

तपासणीसाठी आता शीटच्या तळाशी बारा खोट्या ओळी आहेत. एकीत किंमत रिकामी, एकीत मराठी आकडे, एकीत स्वल्पविराम, एकीत 'शाकाहारी'मागे मोकळी जागा, एकीत एमआरपी किमतीपेक्षा कमी, एकीचं नाव मुद्दाम 'देवगड हापूस आंबापोळी, साखर न घातलेली, अर्धा किलो' एवढं लांब. सहा अटी म्हणजे चालू-बंदचे चौसष्ट मेळ, ते सगळे बघायला कुणाला वेळ आहे? या बारा ओळींना नावं वहिनींनी दिली आहेत, वाकडा बोंबील एक, वाकडा बोंबील दोन, अशी. नियमाला हात लावला की आधी त्यांची चित्रं एका पानावर निघतात आणि ते पान वहिनींना जातं. त्यांना अटींशी देणंघेणं नाही. त्या नजर फिरवतात आणि सांगतात, "पाचव्यात कायतरी चुकता."

कालपर्यंत 'थांबलेले'मध्ये एकच चित्र होतं, नाचणीच्या केकचं. केक कणकवलीच्या एका बेकरीतून येतो. 'प्रकार' रिकामा आहे, कारण त्यात अंडं आहे की नाही हे बेकरीवाल्याने अजून कळवलेलं नाही. दादांना विचारलं तर म्हणाले, नसेल. वहिनींनी तो रकाना भरला नाही. केकचा फोटो छान आलाय, आठवडा झाला, तो तिथेच पडून आहे.